बाई, हा गोळा कुणाचा?

मागच्या अंकात गिर्ये गावाजवळच्या आंग्रेकालीन गोदीवर मी चार ओळी लिहिल्या, आणि पत्रं आली ती गोदीवर नाहीतच. कुणाच्या परड्यात, कुणाच्या देवळात, कुणाच्या माडीवर काहीतरी सापडलेलं आहे, आणि ते कुठल्या लढाईतलं ते बाईंनी सांगावं, अशी अपेक्षा. मी चौतीस वर्षं देवगड तालुक्यात रसायनशास्त्र शिकवलं. इतिहास शेजारच्या वर्गात चालायचा. भिंतीपलीकडून जेवढा ऐकू आला तेवढा माझा, बाकीचा पायपीट करून मिळवलेला. पण गंज, चुना आणि मीठ यांच्याबद्दल मात्र मी हक्कानं बोलेन. जुन्या रणभूमीवर जे काही उरतं ते बहुतेक या तिघांच्याच ताब्यात असतं.

प्रश्न : आमच्या बागेत हापूसच्या नव्या कलमांसाठी खड्डे मारताना दोन हात खोल लोखंडी गोळा लागला. सुतळीनं घेर मोजला, ४० सेंटीमीटर. रेशन दुकानाच्या काट्यावर वजन साडेसात किलो. सासरे म्हणतात आंग्र्यांचा, मुलगा म्हणतो इंग्रजांचा. घासून, वॉर्निश मारून बाहेरच्या खोलीत ठेवावा म्हणते. – एक वाचक, वाघोटण खाडीकाठ

सुतळी आणि काटा दोन्ही वापरलंत, म्हणून आधी पैकीच्या पैकी गुण. आता गणित करू. घेर ४० म्हणजे व्यास पावणेतेरा सेंटीमीटरच्या आसपास. घनफळ येतं सुमारे १,०८० घनसेंटीमीटर. ओतीव लोखंडाची घनता ७.२ धरली तर भरीव गोळा पावणेआठ किलोचा हवा. तुमचा साडेसात आहे. उरलेलं गंजानं खाल्लं. म्हणजे गोळा भरीव आहे. हे गणित मी हौसेनं करत नाही. त्याच घेराचा गोळा जर पाच-सव्वापाच किलोचा भरला असता, तर तो पोकळ, म्हणजे आत दारू ठासलेला कुलपी गोळा असण्याची शक्यता होती, आणि मग माझं उत्तर एका ओळीचं असतं : हात लावू नका, पोलिसांना बोलवा. कुलपी गोळ्याला वातीचं भोक असतं, पण मातीनं आणि गंजानं ते बुजतं आणि वरून दिसत नाही. काळी दारू कोरडी राहिली तर शे-दीडशे वर्षांनीही तिचा गुण जात नाही. अमेरिकेत व्हर्जिनियात २००८ साली त्यांच्या १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धातला गोळा साफ करताना एक जाणता संग्राहक अंगणात मेला. तेव्हा गोळा सापडला की आधी मोजायचा, मग घासायचा विचार. तोसुद्धा करू नका, का ते पुढे सांगते.

इंग्रजांच्या तोफा गोळ्याच्या वजनावरून ओळखल्या जात. १८ पौंडी तोफेचा गोळा म्हणजे ८ किलो १६० ग्रॅम, व्यास पावणेतेराच्या थोडा वर. तुमचा गोळा या मापात बसतो. मुलगा लगेच टाळी वाजवेल. पण थांबा. आंग्र्यांच्या आरमारात पकडलेल्या जहाजांवरच्या तोफाही होत्या. ईस्ट इंडिया कंपनीचं 'रिस्टोरेशन' जहाजच त्यांनी १७४९ मध्ये धरलं होतं. १७५६ च्या फेब्रुवारीत अॅडमिरल वॉटसन विजयदुर्गावर चालून आला (जमिनीवरच्या फौजेचा मुख्य क्लाइव्ह, तोच प्लासीवाला), तेव्हा या 'रिस्टोरेशन'वरच एक पेटता गोळा पडला आणि शेजारी बांधलेली तुळाजी आंग्र्यांची सगळी गलबतं, गुराबा एकामागून एक जळाल्या. दुसऱ्या दिवशी किल्ला गेला. तेव्हा इंग्रजी मापाचा गोळा इंग्रजांनीच मारला असं ठरत नाही; तो इंग्रजांवर मारलेलाही असू शकतो.

मग कुणाचा, ते कोण सांगणार? जागा सांगेल. तो किती खोल होता, उताराच्या कुठल्या अंगाला होता, किल्ल्याकडे तोंड असलेल्या बाजूला की पाठीला, किल्ल्यापासून सरळ रेषेत किती लांब, शेजारी आणखी लोखंड किंवा जळकी माती होती का. फार लांब असाल तर तो तोफेतून तिथे आलेला नसणार, कुणीतरी उचलून आणला असेल. आमच्या भागात असे गोळे तुळशीपाशी ठेवतात, जात्याजवळ ठेवतात, कुठे कुठे शेंदूर फासून त्यांचा देवही झालेला आहे. तुम्ही तो खड्डा अजून बुजवला नसेल तर आज जा, पट्टी ठेवून फोटो काढा, मोबाइलवर ठिकाण नोंदवा. नंतर गोळा हातात राहील, पण त्याची गोष्ट त्या खड्ड्यातच राहून जाईल.

आता वॉर्निश. माझी स्वतःची फजिती सांगते. नोकरीला लागून दोन वर्षं झाली असतील. मोठ्या ओहोटीला खाडीच्या चिखलात मला असाच एक गोळा मिळाला. पदराखाली झाकून घरी आणला. सासूबाईंनी बघितला आणि म्हणाल्या, "ता जंय होता, थंय नेवन ठेव." मला वाटलं, भुताखेताचं काहीतरी असेल. मी तो शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला, ऐटीत चिठ्ठी लावली. पहिल्या पावसाळ्यात त्याला घाम फुटला. नारिंगी थेंब, अगदी कपाळावर येतात तसे. दुसऱ्या वर्षी पापुद्रे सुटले. पाचव्या वर्षी शिपायानं कपाट झाडताना तो सुपलीत भरून नेला. समुद्रात पडून राहिलेल्या ओतीव लोखंडातलं लोखंड हळूहळू निघून जातं आणि काजळासारखं ग्राफाइट मागे राहतं. आकार तोच, रंग तोच, पण आत दम नाही. सुरीनं खरवडता येतो. त्यात मुरलेलं मीठ पाण्यात असेपर्यंत गप्प असतं. बाहेर हवेत आणलं की ते हवेतला ओलावा ओढतं आणि गंज आतून फोडत निघतो. अशा वस्तू बाहेर काढल्या तर ओल्याच ठेवतात, आणि मग प्रयोगशाळेत अल्कलीच्या द्रावणात महिनोन्महिने मीठ उतरवतात. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं म्हणायला लाज वाटते. विषय माझाच होता.

तुमचा गोळा जमिनीतला आहे, त्याची तब्येत बरी असणार. तरी घासू नका. वॉर्निशखाली मीठ कोंडलं की तो आतून फुटतो. सुकी माती मऊ ब्रशनं काढा आणि कोरड्या जागी ठेवा. (गंमत अशी, की तेल-शेंदूर फासलेले ते देव माझ्या कपाटातल्या गोळ्यापेक्षा कितीतरी चांगले टिकलेत.) आणि तलाठ्याकडे लेखी कळवा. जमिनीत सापडलेल्या ठेव्याचा १८७८ चा कायदा अजून चालू आहे, त्यात जिल्हाधिकाऱ्यांना खबर देणं बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी १९७२ चा पुरावशेषांचा कायदा वेगळा. घाबरू नका, गोळ्यासाठी कुणी तुमची कलमं जप्त करणार नाही.

प्रश्न : विजयदुर्गाच्या समुद्राकडच्या तटाला असंख्य खळगे आहेत. आम्हाला सांगितलं, सगळे तोफगोळ्यांचे. माझी सहावीतली मुलगी म्हणाली, एवढे गोळे आणले कशातून? – एक वाचक, कणकवली

मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. तोफेचे व्रण तिथे आहेत हे खरं, होडीतून बघितले तर चांगले दिसतात. पण सगळे खळगे तोफेचे नाहीत. बरेचसे मिठाचे आहेत. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, उन्हात सुकतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि दगडाचा कण कण बाहेर ढकलतात. त्याची जाळी होते, मधाच्या पोळ्यासारखी, आणि ती ओळीनं दगडभर पसरते. गोळ्याचा घाव एकटा असतो. बशीसारखा उथळ खळगा, कडा तुटक्या, आणि मधून बाहेर गेलेल्या चिरा. बऱ्याचदा दोन दगडांच्या सांध्याची पर्वा न करता दोन्हींवर पडलेला. मीठ सांध्याशी थांबतं, गोळा थांबत नाही. ही एक खूण मुलीला द्या, ती भिंतीवर स्वतः मोजणी करेल.

मिठाची करामत बघायची तर मुरुडजवळच्या पद्मदुर्गावर जा. तिथल्या तटाचे दगड झिजून आत गेलेत आणि त्यांच्यामधला चुना तसाच बाहेर उभा आहे, रिकाम्या चौकटींसारखा. सिद्दीच्या तोफांना जे जमलं नाही ते खाऱ्या वाऱ्यानं केलं.

जाता जाता एक. विजयदुर्गावरचे 'साहेबाचे कट्टे' दाखवून हेलियमचा शोध तिथे लागल्याचं सांगतात. १८६८ च्या ग्रहणानंतर सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची रेषा ज्यानं ओळखली तो इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. तो विजयदुर्गाला आला, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. रसायनशास्त्राच्या बाईला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, विषयाला सोडून असलं तरी.

प्रश्न : मुलगा बेल्जियममध्ये घेंट इथे नोकरीला आहे. एप्रिलमध्ये आम्ही दोघं जाणार. पहिल्या महायुद्धाच्या जागा जवळ आहेत म्हणतो. शंभर वर्षांनी तिथे खरंच काही दिसतं, की नुसती स्मारकं? – एक वाचक, मालवण

दिसतं. मी भाचीकडे गेले होते तेव्हा तीन दिवस मिळाले, त्यातले दोन मी ईप्र गावाच्या आसपास घालवले आणि भाचीनं माझी चॉकलेटं एकटीनं खाल्ली.

पहिली गोष्ट तुम्हाला कुंपणात दिसेल. गुरांच्या कुरणाला लोखंडी खांब असतात, त्यांचं खालचं टोक बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखं पिळलेलं. हे युद्धातले काटेरी तारेचे खांब. घणानं ठोकले तर रात्री आवाज जायचा आणि गोळी यायची, म्हणून हातानं पिळून जमिनीत बसवायचे. युद्ध संपलं, शेतकऱ्यानं उपटले आणि कुंपणाला लावले. आपल्याकडे मुंबईच्या फोर्टात जुन्या तोफा जमिनीत उभ्या पुरून त्यांचे खुंट केलेत, तशातलीच ही काटकसर. काँक्रीटच्या मोर्च्यांमध्ये गवत भरलेलं दिसेल. मळ्यांत गोल तळी दिसतील, त्यांतली काही गोळ्यांच्या खड्ड्यांची. गुरं पाणी पितात.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या कडेला. पोलकापेलच्या वाटेवर विजेच्या खांबाच्या बुडाशी मला दोन लांबट, चिखलानं माखलेल्या वस्तू दिसल्या. मला वाटलं सुरण ठेवलेत. भाचीनं दंडाला धरून मागे ओढलं. नांगराला लागलेले जिवंत तोफगोळे शेतकरी तसे कडेला काढून ठेवतात, आणि सैन्याचं पथक फेरीवर येऊन ते उचलतं. आपल्याकडे घंटागाडी येते तसं. तिकडे या पिकाला 'लोखंडाची सुगी' म्हणतात. एप्रिलमध्ये पेरणीची नांगरणी चालू असते, म्हणजे तुम्ही सुगीच्याच दिवसांत जाताय. यजमानांना सांगा, ते शेताच्या बांधावर पाय ठेवू नका हो. काही गोळ्यांत अजून विषारी वायू आहे.

त्या वायूसाठीच मी गेले होते खरं तर. २२ एप्रिल १९१५ ला ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन सोडला, मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदाच. चौतीस वर्षं मी मुलांना क्लोरीन करून दाखवला : मँगनीज डायऑक्साइड, हायड्रोक्लोरिक आम्ल, थोडी आच. हिरवट-पिवळा, हवेहून जड, बरणीत तळापासून भरत जातो. "बघा, कसा खाली बसतो," हे वाक्य दरवर्षीचं. ईप्रजवळ एका राखून ठेवलेल्या खंदकात उतरले, भिंत डोक्याच्या वर, वाट नागमोडी (सरळ असती तर एका टोकाकडून सगळे टिपले असते), पायाखाली पाणी. तेव्हा लक्षात आलं की खंदक म्हणजे तीच बरणी. चार दिवसांनी, २६ एप्रिलला, याच भागात हिंदुस्थानी लाहोर डिव्हिजनला पुढे ढकललं होतं. तोंडाला ओलं फडकं एवढाच बचाव. मी फार वेळ खाली थांबले नाही.

जवळच हिल ६० नावाची टेकडी आहे, तिथे सुरुंगाचे खळगे आहेत. ७ जून १९१७ ला मेसिनच्या डोंगररांगेखाली इंग्रजांनी १९ सुरुंग एकदम उडवले. काही न उडता राहिले. त्यातला एक १९५५ साली वीज पडून उडाला आणि एक गाय मेली. फ्रान्समध्ये सोमच्या बाजूला जाणं झालं तर ला बोआसेलचा खड्डा बघा, १ जुलै १९१६ चा : तोंड सुमारे १०० मीटर, खोली एकवीस. आमची शाळा पटांगणासकट त्यात बसेल. तिथली जमीन खडूची आहे. बुजवलेल्या खंदकांच्या रेषा नांगरटीनंतर पांढऱ्या दिसतात, जखमेच्या वणासारख्या.

ईप्रच्या मेनिन दरवाजात रोज रात्री आठला बिगुल वाजतो, तो सगळेच ऐकतात, तुम्हीही ऐका. पण एक फेरी मुलाला गाडी काढायला लावून सीमेपलीकडे न्यूव्ह शापेलला करा, तासाभराचा रस्ता. हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक आहे, १९२७ चं. गोल भिंत, उंच खांब, त्यावर कमळ, पायथ्याशी दोन वाघ. भिंतीवर ४,७०० हून अधिक नावं. २८ ऑक्टोबर १९१४ ला त्या गावावरच्या हल्ल्यात खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या. सुरुंग लावणारी, पूल बांधणारी ही माणसं, बंदुका देऊन गल्लीबोळांत पाठवली, फार थोडी परत आली. त्यांच्या रेजिमेंटच्या नावाखालचा दगड वाचा. आपल्याकडची नावं इंग्रजी स्पेलिंगात मोडून पडलेली आहेत, मोठ्यानं म्हटल्याशिवाय ओळखू येत नाहीत. मी मोठ्यानं म्हटली. माळी काम थांबवून बघत राहिला.

प्रश्न : गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. 'या गावातून इतके पुरुष १९१४–१९१९ च्या महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले' असं इंग्रजीत. चावडी पाडून सभागृह बांधायचं ठरतंय. पाटी ऍसिडनं स्वच्छ करून देवळात लावावी का? आणि ती माणसं कोण, हे कुठे कळेल? – एक वाचक, खेड तालुका

(आकडे मुद्दाम गाळलेत, गाव ओळखू येईल.)

ऍसिड नको. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ऍसिड पडलं की फसफसून विरघळतं, आणि आधी विरघळतील ती अक्षरं. साधं पाणी, मऊ फडकं, बस. लिंबूसुद्धा नको. सभागृह बांधाच, पण पाटी त्याच जागी, त्याच भिंतीच्या ओळीत परत बसवता आली तर बघा. ती माणसं त्या चावडीसमोरून गेली होती, देवळासमोरून नव्हे. अर्थात तुमच्या गावचं राजकारण मला माहीत नाही.

दुसरा प्रश्न अवघड. पाटीवर आकडा आहे, नाव नाही. कोकणातले पुष्कळसे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले. आमच्याकडे अजून 'बसऱ्याची लढाई' म्हणतात. तिथल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात मराठ्यांच्या तीन पलटणी अडकल्या होत्या, १०३, ११० आणि ११७. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० माणसं शरण गेली आणि पुढे तुर्कांच्या कैदेत बरीच मेली. बसऱ्याला त्यांचं स्मारक आहे. तिथे हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या शिपायांचा पलटणवार फक्त आकडा. म्हणजे गावात आकडा आणि बसऱ्यातही आकडा. तेसुद्धा स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमानं मूळ जागेवरून उचलून बत्तीस किलोमीटर दूर वाळवंटात नेलं.

पण कागदावर नावं आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी आता संगणकावर शोधता येतात, आणि बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, 'रत्नागिरी' असं असतं. गावाचं स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी करून बघा. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलंय. दुसरी वाट म्हणजे घरोघरी विचारा, कुणाकडे जुनं चांदीचं पदक आहे का. पुढचा राजा सगळ्या पदकांवर सारखाच. पदक आडवं धरून कड बघा. त्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. मोडीत घालायच्या आधी बघा, एवढंच.

आमच्या घरात एक 'बसऱ्याचे आजोबा' होते, आजेसासऱ्यांचे थोरले भाऊ. लग्नाआधीच गेले, परत आले नाहीत, पदक आलं. घरात त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही, आणि खरं नाव ठाऊक असलेली माणसं मी सून होऊन येण्याआधीच संपली होती. मला गोळा परत ठेवायला सांगणाऱ्या त्याच सासूबाईंनी नणंदेच्या लग्नात ते पदक सोनाराला दिलं. अडीच-तीन तोळे चांदी, त्याचा कुंकवाचा करंडा झाला. मुलगी उजवायची होती, हात रिकामे होते. मी त्यांना बोल लावत नाही.

आयोगाच्या नोंदीत मला आमच्या गावची तीन नावं मिळाली, तीन वेगळ्या पलटणींतली. त्यातले आमचे कुठले, ते कडेवर लिहिलेलं होतं. करंडा नणंदेनं मला परत दिलाय, देवघरात आहे. नक्षी चांगली आहे, वेलबुट्टीची.